सदस्यत्व शुल्क कमी कसं करावं : हिशेबापासून ठरावापर्यंत

वर्गणी परवडत नाही म्हणून माणसं संस्था सोडतात, पण तसं सांगून कुणी सोडत नाही. नूतनीकरणाची तारीख उलटते, दोन स्मरणपत्रं जातात आणि नाव यादीतून गळतं. हे थांबवायची इच्छा असलेल्या, पण सुरुवात कुठून करायची हे ठाऊक नसलेल्या सदस्यांसाठी आणि नव्या पदाधिकाऱ्यांसाठी हा लेख आहे. क्रीडा मंडळ असो, ग्रंथालय असो, व्यावसायिक संघटना असो की कामगार संघटना, वाट साधारण हीच असते.

शुल्क कमी करायचे प्रयत्न दोन ठिकाणी फसतात. पहिलं ठिकाण म्हणजे सभा. खजिनदार उठून ‘संस्थेला परवडणार नाही’ एवढंच म्हणतात आणि प्रस्ताव पडतो, कारण मांडणाऱ्याकडे त्याला उत्तर देणारा आकडा नसतो. दुसरं ठिकाण ठराव मंजूर झाल्यानंतरचं. दीड-दोन वर्षांत शिल्लक आटते आणि पुढची कार्यकारिणी दर आधीपेक्षाही वर नेऊन ठेवते. दोन्ही वेळा कारण एकच असतं : एका सदस्यामागे संस्थेला नेमका किती खर्च येतो, हे कुणी काढलेलंच नसतं. म्हणून खाली सर्वांत जास्त जागा त्या हिशेबाला दिली आहे. तो कंटाळवाणा वाटला तरी ओलांडून पुढे जाऊ नका.

हाताशी काय काय हवं

- संस्थेची घटना आणि नियमावली, आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांसह
- गेल्या ३ वर्षांचे जमाखर्च, ताळेबंद आणि चालू वर्षाचं अंदाजपत्रक
- वर्गवार सदस्यसंख्या : नोंदलेले किती आणि त्या वर्षी प्रत्यक्ष वर्गणी भरलेले किती
- दरवर्षी नवे आलेले आणि गळालेले सदस्य
- वरिष्ठ संघटनेशी संलग्न असाल तर तिला प्रत्येक सदस्यामागे द्यायच्या रकमेचं परिपत्रक
- शुल्काबद्दल आधी झालेल्या ठरावांची इतिवृत्तं

जमाखर्च सहसा वार्षिक सभेत मांडलेलाच असतो, त्यामुळे तो मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही. मात्र ‘सगळे हिशेब दाखवा’ असं मोघम पत्र देऊ नका. त्यातून संशयाचा सूर निघतो आणि पत्र पडून राहतं. कोणत्या वर्षांची कोणती पत्रकं हवीत हे नावानिशी लिहा आणि कशासाठी हवीत तेही सांगा.

१. नेमकं कोणतं शुल्क आड येतंय ते शोधा

चर्चा नेहमी वार्षिक वर्गणीवर होते. नव्या माणसाला अडवणारी रक्कम मात्र बऱ्याचदा वेगळीच असते. पहिल्या दिवशी त्याच्या हातून एकूण किती पैसे जातात ते एका कागदावर मांडा. उदाहरणादाखल : अर्ज २०, ओळखपत्र ५०, प्रवेश शुल्क ५००, इमारत निधी ३००, वार्षिक वर्गणी १,२००. बेरीज २,०७०. सभेत वाद चाललाय १,२०० वर, आणि दारातल्या माणसाकडे आपण मागतोय २,०७०. (या लेखातले आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. चलन कोणतंही धरा.)

आता प्रत्येक रक्कम कमी केली तर संस्थेला किती सोसावं लागेल ते बघा. ४०० सदस्यांच्या संस्थेत वर्षाला ४० नवे येत असतील, तर प्रवेश शुल्क ५०० वरून शून्यावर आणल्याने वर्षाला २०,००० कमी येतील. तेच ५०० वर्गणीतून कमी केले तर ४०० जणांमागे २,००,००० कमी येतील. नव्यांची वाट मोकळी करायची असेल तर प्रवेश शुल्क हटवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि बहुतेक संस्था तो सोडून भलतीकडेच हात घालतात. जुने सदस्य गळत असतील तर मात्र त्याने काहीच साधणार नाही. तिथे वर्गणीकडे किंवा ती भरायच्या पद्धतीकडे वळावं लागेल.

‘ऐच्छिक’ म्हणून अर्जात आधीच छापलेला निधी वेगळा तपासा. तो वगळून पैसे भरायची सोय नसेल तर ते शुल्कच आहे, आणि ते घ्यायचा अधिकार घटनेत नसेल तर थांबवायला हवं.

२. दर ठरवायचा अधिकार कुणाकडे आहे ते वाचा

तीनपैकी एक प्रकार असेल. रक्कमच घटनेत लिहिली असेल तर घटनादुरुस्ती लागते. रक्कम नियमावलीत असेल, किंवा ‘सर्वसाधारण सभा वेळोवेळी ठरवेल’ असं असेल, तर बहुधा साध्या बहुमताने काम होतं. ‘कार्यकारिणी ठरवेल’ असं असेल तर सभेपर्यंत जायचीही गरज नाही, कार्यकारिणीला नीट लिहिलेलं निवेदन पुरेसं आहे.

घटनादुरुस्तीसाठी ‘दोन तृतीयांश बहुमत’ असं लिहिलेलं दिसलं की तिथे न थांबता पुढचे शब्द वाचा. कुणाच्या दोन तृतीयांश? समजा सदस्य ४००, हजर ९० आणि मत दिलं ८० जणांनी. मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश म्हणजे ५४ मतं. हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश म्हणजे ६०, म्हणजे तटस्थ राहिलेलेही विरोधातच मोजले गेले. एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश म्हणजे २६७, आणि ९० जणांच्या सभेत ते होणं अशक्य. तिसरा प्रकार असेल तर टपाली किंवा ऑनलाइन मतदानाची तरतूद आहे का ते आत्ताच बघा.

आणखी तीन गोष्टींची नोंद करा : सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, थकबाकीदारांना मत आहे का, आणि बदललेला दर कधीपासून लागू करता येतो. वरिष्ठ संघटनेने किमान वर्गणी ठरवून दिली असेल तर तुमची सभा एकमताने ठराव करूनही त्याखाली जाऊ शकत नाही.

३. एका सदस्यामागचा खर्च काढा

खर्चाच्या पत्रकातली एकेक ओळ घ्या आणि स्वतःला विचारा : उद्या एक सदस्य वाढला तर ही रक्कम वाढेल का? वाढणार असेल तर तो बदलता खर्च. वाढणार नसेल तर स्थिर खर्च.

उदाहरण घेऊ. सदस्य ४००, वर्गणी १,२००. प्रवेश शुल्क आणि देणग्या सध्या बाजूला ठेवू.

स्थिर खर्च :
- जागेचं भाडं आणि वीज : १,५०,०००
- कार्यालयीन मानधन : १,२०,०००
- हिशेब तपासणी, विमा, बँक : ६०,०००
- एकूण : ३,३०,०००

बदलता खर्च, दर सदस्यामागे :
- वरिष्ठ संघटनेचा वाटा : १५०
- मुखपत्राची छपाई आणि टपाल : ११०
- ओळखपत्र, पावती, पैसे भरण्याचा आकार : ४०
- एकूण : ३००, म्हणजे ४०० जणांचे १,२०,०००

वर्गणीची जमा ४,८०,०००. एकूण खर्च ४,५०,०००. शिल्लक ३०,०००.

आता सभेत नेहमी ऐकू येणारं वाक्य : ‘एका सदस्यामागे आपल्याला १,१२५ खर्च येतो, मग वर्गणी १,००० कशी करणार?’ साडेचार लाख भागिले चारशे, एवढाच तो आकडा. भागाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. चारशे एकावा सदस्य आला तर भाडं वाढत नाही, मानधन वाढत नाही. तो संस्थेला ३०० मध्ये पडतो. त्याने ६०० जरी भरले तरी ३०० स्थिर खर्चाच्या वाट्याला येतात. याउलट ३०० पेक्षा कमी दराने घेतलेला प्रत्येक सदस्य तूट वाढवतो, मग असे कितीही येवोत. म्हणून हे दोन आकडे, १,१२५ आणि ३००, वेगळे लक्षात ठेवा. पहिला संस्थेची सरासरी सांगतो, दुसरा सवलतीची तळरेषा.

इथे तीन चुका हमखास होतात. एक, ‘नोंदलेले’ सदस्य मोजले जातात, ‘भरणारे’ नाही. ४०० पैकी ४० जण भरतच नसतील तर जमा ४,८०,००० नसून ४,३२,००० आहे, आणि मुखपत्र मात्र चारशेंनाही जातंय. दोन, एकदाच झालेला खर्च, जसं रंगकाम किंवा वर्धापनदिनाचा सोहळा, दरवर्षीचा धरला जातो. म्हणूनच ३ वर्षांचे हिशेब समोर ठेवायचे. तीन, पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ आलेले असतात आणि तेही यंदाच्या जमेत मिसळले जातात, त्यामुळे यंदा शिल्लक फुगलेली दिसते.

४. दर उतरवल्यावर किती सदस्य लागतील ते मोजा

खर्च अजिबात वाढणार नाही असं धरलं, तर तेवढीच जमा राखण्यासाठी लागणारी सदस्यवाढ अशी :

- १० टक्के कपात : ११ टक्के जास्त सदस्य
- २० टक्के : २५ टक्के
- २५ टक्के : ३३ टक्के
- ५० टक्के : दुप्पट सदस्य

खर्च वाढतोच, त्यामुळे हे आकडे कमीच आहेत असं समजा. वरच्या उदाहरणात वर्गणी १,२०० वरून ९०० केली, म्हणजे २५ टक्के कपात. वरवरच्या गणिताने ५३४ सदस्य पुरायला हवेत. पण आता प्रत्येकाकडून बदलता खर्च वजा जाता ९०० ऐवजी ६०० च उरतात. नुसतं ना नफा ना तोटा या पातळीला यायला ५५० सदस्य लागतात (३,३०,००० भागिले ६००), आणि आधीइतकी ३०,००० शिल्लक राखायला पूर्ण ६००. चारशेचे सहाशे एका वर्षात होत नाहीत. हा प्रस्ताव असाच्या असा नेऊ नका.

वेळेचा फरकही धरा. जुन्या चारशेंना कपात पहिल्या दिवशी मिळते, नवे सदस्य महिन्या-महिन्याने येतात. पहिल्या वर्षी तूट येणारच. ती कुठून भरायची हे प्रस्तावातच लिहिलेलं हवं.

नवे येतील हा अंदाज तरी कशावर बांधायचा? गेल्या दोन वर्षांत गळालेल्यांपैकी ३०-४० जणांना फोन करा आणि एकच मोकळा प्रश्न विचारा : ‘नूतनीकरण का राहिलं?’ ‘वर्गणी जास्त वाटली का?’ असं विचारलं तर जवळजवळ सगळे हो म्हणतील आणि त्या उत्तराचा काही उपयोग होणार नाही. न विचारता पैशाचा उल्लेख कितीजण करतात ते मोजा. बहुतेकांनी वेळ नसणं, कार्यक्रम रटाळ वाटणं किंवा स्मरणपत्रच न मिळणं सांगितलं, तर दर उतरवून ती माणसं परत येणार नाहीत.

५. तूट भरून काढणारा खर्च शोधा

सर्वांत लवकर हाताला लागतं ते मुखपत्र. सरसकट छपाई बंद केली तर वयस्क सदस्य दुखावतात आणि ते साहजिक आहे. ‘छापील अंक हवा की ईमेलवर?’ हा रकाना नूतनीकरणाच्या अर्जातच घाला. आपल्या उदाहरणात ३०० जणांनी ईमेल निवडला तर ११० गुणिले ३००, म्हणजे ३३,००० वाचले.

आता वर्गणी १,००० करून बघू. प्रत्येकाकडून उरतात ७००, चारशेंचे २,८०,०००, स्थिर खर्च ३,३०,०००. तूट ५०,०००. त्यातून ३३,००० गेले, उरले १७,०००. ती भरायला साधारण २५ नवे सदस्य लागतील. ६०० सदस्यांचं स्वप्न आणि २५ नव्या सदस्यांचं काम यातलं दुसरं सभेला पटतं.

भाड्याच्या जागेचे रिकामे दिवस दुसऱ्या संस्थेसोबत वाटून घेता येतात, विम्याचे दर दर ३ वर्षांनी तरी दोन-तीन ठिकाणी विचारून बघावेत. सदस्यनोंदणीचं सॉफ्टवेअर सदस्यसंख्येच्या टप्प्यांनुसार आकारणी करत असेल तर मृत आणि गळालेल्या सदस्यांच्या नोंदी काढूनच खालचा टप्पा मिळू शकतो. हिशेब तपासणी आणि विमा यांना मात्र कात्री लावू नका.

राखीव निधीतून तूट भरायची असेल तर मर्यादा आधी ठरवा. निदान ३ ते ६ महिन्यांच्या खर्चाइतका निधी हात न लावता राहावा, असा संस्थांमध्ये सर्वसाधारण दंडक आहे. उदाहरणातल्या संस्थेसाठी तो सव्वा लाखाच्या जरा खाली ते सव्वादोन लाख इतका होतो. त्याच्या वरची रक्कमच वापरा, आणि तीही ठरावीक वर्षांसाठी.

एकाची कपात दुसऱ्याच्या डोक्यावर कशी येते, याचं मोठं उदाहरण संयुक्त राष्ट्रसंघाचं आहे. २००० साली तिथल्या नियमित अंदाजपत्रकातल्या वर्गणीची कमाल मर्यादा २५ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणली गेली. त्याचा फायदा अमेरिकेला झाला आणि तो भार इतर देशांवर वाटला गेला. पहिल्या वर्षाची खोट भरून काढायला उद्योगपती टेड टर्नर यांनी ३.४ कोटी डॉलर दिले. देणगीदार मिळाला तर तोही असा एका वर्षाच्या पुलापुरताच धरावा. दरवर्षी देणगी येईल असं मानून दर ठरवू नये.

६. सगळ्यांना थोडं की गरजूंना जास्त?

हा या कामातला सर्वांत कठीण निर्णय आहे. सरसकट कपातीत ज्यांना १,२०० सहज परवडत होते त्यांनाही सूट मिळते, आणि ज्याला ६०० च परवडतात तो १,००० लाही बाहेरच राहतो. उदाहरणात ८० सदस्यांना निम्म्या दराने, म्हणजे ६०० ने घेतलं आणि बाकीच्या ३२० जणांचा दर तसाच ठेवला, तर जमा ४८,००० ने घटते. आधीची शिल्लक ३०,००० होती, त्यामुळे १८,००० ची तूट येते. ईमेल अंकाचे ३३,००० वाचवले की उलट १५,००० शिल्लक राहतात, तेही एकही नवा सदस्य न धरता. पैसे मोजकेच असतील तर आधी हा मार्ग घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

सवलतीच्या पद्धती अनेक आहेत.

वर्गवार दर : विद्यार्थी, निवृत्त, बेरोजगार, पहिल्या वर्षाचा सदस्य. राबवायला सोपी. पण विद्यार्थी म्हणजे गरीब आणि नोकरदार म्हणजे सुखवस्तू असं नसतं, आणि उलटंही नसतं, हे ध्यानात ठेवा.

उत्पन्नानुसार टप्पे : सदस्य स्वतःच आपला टप्पा निवडतो. अनेक आंतरराष्ट्रीय विद्वत्संस्था जागतिक बँकेने केलेल्या देशांच्या उत्पन्नगटांवरून आपले दर लावतात. संयुक्त राष्ट्रसंघातही ऐपतीचं तत्त्व आहे : कमाल २२ टक्के, किमान ०.००१ टक्के, आणि दर ३ वर्षांनी फेरआकारणी. तीन टप्पे पुरेत. पाच-सहा केले की माणूस गोंधळतो आणि सर्वांत खालचा निवडून मोकळा होतो. मधला टप्पा ‘नेहमीचा दर’ म्हणून छापा.

हप्ते : एकूण रक्कम तीच, पण एकदम काढावी लागत नाही. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी सहकारी दुकान उभं केलं, तेव्हा प्रत्येकाचा एक पौंडाचा भाग आठवड्याला दोन-तीन पेन्स करत जमवला होता. हप्त्यांत एक फट असते. ऑनलाइन पैसे घेण्याचा आकार टक्केवारी अधिक दर व्यवहाराला ठरावीक रक्कम असा असेल, समजा २ टक्के अधिक ३, तर १,२०० एकदम घेतल्यावर २७ जातात आणि १२ हप्त्यांत घेतल्यावर ६०. म्हणून चार तिमाही हप्ते बरे.

उरलेल्या महिन्यांपुरती वर्गणी : वर्ष संपायला चार महिने असताना आलेल्याकडून पूर्ण रक्कम घेणं हे त्याच्यासाठी तिप्पट दर लावण्यासारखं आहे. तरीही हा नियम असंख्य संस्थांत चालू असतो.

पूर्ण माफी : आजारपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू. यासाठी वर्षाला ठरावीक रकमेची तरतूद करा आणि निर्णय दोन पदाधिकाऱ्यांवर सोपवा.

कोणतीही पद्धत घेतली तरी पुरावे मागत बसू नका. उत्पन्नाचा दाखला मागितला की ज्याला खरी गरज आहे तो आधी मागे हटतो. सदस्याने स्वतः सही केलेली दोन ओळींची घोषणा पुरेशी माना. सवलतीच्या सदस्यांची नावं फलकावर, यादीत, ओळखपत्राच्या रंगात, कुठेही वेगळी दिसू देऊ नका. आणि त्यांच्या मताधिकाराला हात लावू नका. कमी पैसे म्हणजे कमी हक्क असा समज एकदा रुजला की सवलत घ्यायला कुणी पुढे येत नाही.

आजीव शुल्काबद्दल सावध राहा. वर्गणी उतरली की ‘आता आजीवही उतरवा’ ही मागणी येतेच. वार्षिकच्या दहापट, म्हणजे १२,००० हा रूढ आकडा असला, तरी हिशेब वेगळं सांगतो. आजीव सदस्यामागे दरवर्षी ३०० खर्च होणार, तो खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढणार आणि ठेवीवर ७ टक्के व्याज मिळणार असं धरलं, तर हाती खरे २ टक्केच राहतात. ३०० भागिले ०.०२, म्हणजे १५,०००. त्यातही स्थिर खर्चाला त्याचा काहीच हातभार नाही.

७. ठराव लिहा

मोघम ठराव मंजूर व्हायला सोपा जातो आणि राबवताना भांडणं लावतो. सरसकट कपातीत गुंते जास्त, म्हणून तिचाच नमुना देतो :

‘संस्थेच्या सर्वसाधारण सदस्यांची वार्षिक वर्गणी पुढील आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून १,२०० ऐवजी १,००० करण्यात यावी व त्यानुसार घटनेच्या कलम __ मध्ये दुरुस्ती करण्यात यावी. त्या दिवसापूर्वीच्या थकबाकीस जुना दरच लागू राहील. ज्यांनी पुढील वर्षाची वर्गणी जुन्या दराने आगाऊ भरली आहे त्यांची जादा रक्कम त्यानंतरच्या वर्षात वळती करावी, अथवा मागणी केल्यास परत करावी. या बदलामुळे येणारी तूट राखीव निधीतून कमाल __ इतक्या मर्यादेत व दोन आर्थिक वर्षांपुरतीच भरून काढावी. दोन वर्षांनंतरच्या वार्षिक सभेत या बदलाचा आढावा घेण्यात यावा. सूचक : __ अनुमोदक : __’

ठरावासोबत एक पानाचं टिपण जोडा : आजचा हिशेब, नव्या दराचा हिशेब, आणि सदस्य अजिबात वाढले नाहीत तर काय होईल तो तिसरा हिशेब. हा तिसरा तुम्हीच मांडलात तर विरोधकांचा पहिला मुद्दा सभेआधीच संपतो.

८. सभेआधी आणि सभेत

खजिनदारांना टिपण सभेच्या दिवशी दाखवू नका. निदान पंधरवडा आधी द्या आणि त्यांच्या आकड्यांशी ताडून घ्या. ते ठरावाच्या बाजूने नसले तरी ‘आकडे बरोबर आहेत’ एवढं त्यांनी सभेत म्हटलं तर निम्मं काम झालं. शक्य असेल तर त्यांनाच अनुमोदक होण्याची विनंती करा.

सूचनेचे दिवस मोजताना घटनेत ‘पूर्ण दिवस’ असा शब्द असेल तर साधारणपणे सूचना पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरत नाहीत. ठरावाचे शब्द विषयपत्रिकेत जसेच्या तसे छापून घ्या. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यात घटनादुरुस्ती कधीही घुसवू नका. मंजूर झाली तरी पुढे कुणीही ती रद्द ठरवून घेऊ शकतो.

उपसूचनांची तयारी ठेवा. पूर्वसूचनेने आलेल्या दुरुस्तीवर सूचनेच्या आवाक्यातलीच उपसूचना घेता येते, असा सभाशास्त्रातला रूढ संकेत आहे. सूचना १,२०० वरून १,००० ची असेल तर १,०५० ची उपसूचना चालते, ९०० ची नाही, कारण जे सदस्य १,००० ला तयार असल्याने घरी राहिले त्यांना ९०० ची कल्पनाच नव्हती.

गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदानाच्या वेळीही आहे ना ते बघा. शुल्काचा विषय शेवटी ठेवला की लोक चहाला उठतात. विषय पहिल्या तिघांत घ्यायला आधीच सांगा. निकालाची मतं आकड्यांत इतिवृत्तात नोंदवून घ्या. ‘बहुमताने मंजूर’ एवढंच लिहिलं तर दोन तृतीयांश होते की नाही हे नंतर कुणीच सांगू शकत नाही.

९. अंमलबजावणी

ठरावाने काहीच आपोआप बदलत नाही. छापील अर्ज, पावतीपुस्तक, संकेतस्थळ, पैसे भरायचं ऑनलाइन पान, नूतनीकरणाच्या पत्राचा मजकूर, सगळीकडची जुनी रक्कम एकाच दिवशी बदला. सर्वांत जास्त घोळ बँकेच्या स्थायी सूचनांमुळे होतो. सदस्याने वर्षापूर्वी दिलेली सूचना जुनीच रक्कम पाठवत राहते. अशा सदस्यांची यादी काढून प्रत्येकाला वेगळं पत्र पाठवा. जादा आलेली रक्कम ‘देणगी’ म्हणून परस्पर जमा करू नका, लेखी संमती घ्या.

वर्गणी उतरवली आणि कार्यक्रमांची प्रवेशिका, प्रमाणपत्राचं शुल्क, विलंब शुल्क चढवलं, असं होत नाही ना याकडेही लक्ष ठेवा. पहिल्या पायरीतली बेरीज सहा महिन्यांनी पुन्हा करून बघा.

थकबाकीदारांना परत आणायची हीच वेळ आहे. मागचं सगळं भरल्याशिवाय आत घेणार नाही म्हटलं तर तीन वर्षांचा थकबाकीदार ३,६०० भरून येणार नाही. घटनेत वाव असेल तर चालू वर्षाची वर्गणी आणि मागच्या एका वर्षाची, एवढ्यावर पुनःप्रवेशाची मुदतबंद सोय ठेवा, पण सभेच्या ठरावाने. पदाधिकाऱ्यांनी आपल्या मर्जीने कुणाला माफ करू नये.

१०. फक्त स्वतःपुरती सवलत हवी असेल तर

संस्थेचा दर बदलायला वेळ लागतो आणि तुमची अडचण आजची असते. चिटणीसांना अर्धं पान लिहा : सदस्यत्व क्रमांक, किती वर्षं सदस्य आहात, यंदा किती भरू शकता आणि कधी, आणि ही सोय किती काळासाठी हवी. अडचणीचं कारण एका वाक्यात पुरे, सविस्तर सांगायची सक्ती नाही. अर्ज नूतनीकरणाच्या मुदतीआधी द्या. मुदत उलटल्यावर दिलेला अर्ज सवलतीचा न राहता थकबाकीचा होतो, आणि अनेक घटनांमध्ये थकबाकी झाली की मत जातं. उत्तर लेखी घ्या, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी पुढच्या वर्षी अडचण येत नाही.

११. आढाव्यासाठी काय मोजायचं

दर तिमाहीला चार आकडे एका वहीत लिहा : वर्गणी भरलेले सदस्य, त्यांतले नवे, मुदत उलटूनही न भरलेले, आणि सवलत घेतलेले. सोबत बँकेतली शिल्लक आणि त्यातली आगाऊ वर्गणी वेगळी दाखवा. सवलत घेणारे अंदाजापेक्षा फारच कमी असतील तर गरज नाही असं समजू नका. आधी अर्जाचा रकाना पुन्हा वाचा, सवलतीची ओळ पानाच्या तळाशी बारीक टायपात तर नाही ना ते बघा. फारच जास्त असतील तर पुरावे मागण्याऐवजी मधला टप्पा थोडा खाली आणा. आणि दुसऱ्या वर्षाअखेरीस वरच्या ३,३०,००० आणि ३०० या दोन्ही आकड्यांची नव्याने बेरीज करा, कारण भाडं आणि वरिष्ठ संघटनेचा वाटा तोवर बदललेला असेल, आणि आढाव्याच्या सभेत पहिला प्रश्न त्यावरच येणार आहे.